नवाबाची शिकार आणि फणसाडचे वृक्ष

काशीदच्या किनाऱ्यावर येणारा प्रवासी सुरूच्या सावलीत विसावतो आणि त्यालाच इथले रान समजतो. वास्तविक सुरू मूळचा आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडचा. आपल्या वाळूवर तो लागवडीने आला. या भूमीचे जुने अरण्य पाहायचे, तर समुद्राकडे पाठ करून मागच्या डोंगरांकडे वळावे लागते. तेथे फणसाड आहे.

हे अरण्य टिकले त्याचे कारण विचित्र आहे. एकोणिसाव्या शतकात वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा हवा होता, आणि त्याचा भार कोकणच्या डोंगरांनी सोसला. फणसाड मात्र जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. प्राणी मारण्याच्या हौसेने वृक्ष राखले! कॅलिफोर्नियातील रेडवुडचे महावृक्ष वाचवण्यासाठी 1918 साली नागरिकांनी संस्था स्थापून वर्गणी जमवली. आपल्याकडे ते काम नवाबाच्या बंदुकीने केले.

अर्थात, राखण्याची दुसरी रीतही येथे होतीच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. त्या राया गावाने देवाच्या धाकाने, पण स्वतःच्या संमतीने राखल्या होत्या. राजाच्या रानात मात्र गावकरी परकाच होता. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि 1986 साली फणसाड अभयारण्य झाले. राखणदार बदलला, पण भोवतालच्या माणसाचे त्या रानाशी नाते काय, हा प्रश्न शासनाकडे वारसाहक्कानेच आला.

तो सोडवणे निकडीचे आहे, कारण वृक्षाचे वय लावता येत नाही. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. त्याला फांदीला फांदी भिडलेले छत्र लागते. धनेशाची मादी वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते, आणि तेवढी ढोली जुन्या, थोराड खोडातच सापडते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनारपट्टीवरील असंख्य झाडे आडवी केली. सुरू पुन्हा लावता येतो. दहा-पंधरा वर्षांत त्याची सावलीही पडते. ऐन-किंजळाच्या ढोलीला मात्र काही पिढ्या थांबावे लागते. तेवढा काळ अरण्य राखायचे, तर केवळ पहारा पुरणार नाही. नवाबाला ज्याची गरज वाटली नाही, ती गावाची संमती आपल्याला मिळवावीच लागेल.