बेडकीच्या पाल्याची शंभर वर्षं

नाशिकला गोदाघाटावर जडीबुटीवाल्यांकडे बेडकीचा वाळका पाला दिसला की मी थांबतो. हिंदीत याला गुडमार म्हणतात. पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते. जिभेवरची साखर मेली, तशी रक्तातलीही मरेल, असं गिऱ्हाईकाला सहज पटतं.

पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हिड हूपर यांनी 1887 मध्ये या पानांतलं आम्ल वेगळं केलं. ते गोडाची चव ओळखणाऱ्या जागा थोडा वेळ अडवून धरतं, इतकंच. रक्तातल्या साखरेचा प्रश्न वेगळा तपासावा लागणार होता.

1922 मध्ये टोरांटोत इन्शुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं. त्यानंतर चारच वर्षांनी, 1926 मध्ये, आपल्या घारपुरे डॉक्टरांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये मधुमेहावरच्या या पाल्याविषयी लिहिलं. 1928 मध्ये कलकत्त्याला रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तो रुग्णांना देऊन पाहिला. गुण आला नाही. 1930 मध्ये म्हसकर आणि कायस यांना मात्र प्राण्यांच्या रक्तातली साखर उतरलेली दिसली. स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला चालना मिळत असावी, असा त्यांचा तर्क होता.

म्हसकर-कायस ही जोडी भाबडी नव्हती. सर्पदंशावरच्या शेकडो वनौषधी त्यांनी तपासल्या आणि त्या निरुपयोगी असल्याचं स्पष्ट सांगितलं. म्हणून त्यांचा गुडमारबद्दलचा होकार मला महत्त्वाचा वाटतो. पण तो प्राण्यांपुरताच होता.

पुढचा रस्ता किती लांबचा असतो, ते मेटफॉर्मिन सांगतं. त्याचं मूळ युरोपातल्या गॅलेगा या झाडात आहे. त्यातला साखर उतरवणारा पदार्थ विषारी निघाला. रसायनज्ञांनी त्याच्या जातकुळीतली संयुगं बनवली, आणि 1957 मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी त्यांतलं मेटफॉर्मिन रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

गुडमारचा अर्क 1990 मध्ये मद्रासला मोजक्या रुग्णांना दिला गेला. इन्शुलिनवरच्या रुग्णांची इन्शुलिनची गरज कमी झाल्याची नोंद आहे. पण त्यांचं इन्शुलिन चालूच होतं. घाटावरच्या पुडीसोबत ही गोष्ट कुणी सांगत नाही. पाला खरंच साखर उतरवत असेल, तर गोळीवर तो परस्पर घेतल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याची सुई पाल्याच्या भरवशावर बंद केली, तर ते त्याच्या जिवावर बेतेल.