दुबईहून लोदला न लागणारा फोन

मुलगा मुंबईचा, नोकरी दुबईत. मुलगी लोदची. ओळख मुंबईतल्या एका लग्नात झाली. आमच्या नात्यातलीच ही गोष्ट.

२०२० पर्यंत दुबईहून इस्राएलला साधा फोन लागत नसे. १९७२ च्या कायद्याने इस्राएलवर बहिष्कार होता. भेट मुंबईतच व्हायची, वर्षातून एकदा, आणि तीही आजीच्या समोर!

१६ ऑगस्ट २०२० ला फोन सुरू झाले, २९ ला तो कायदा रद्द झाला आणि ३१ ला तेल अवीवचे पहिले विमान अबुधाबीला उतरले. वॉशिंग्टनचा करार १५ सप्टेंबरचा, पण आमच्या घरी तारीख धरली जाते ती सोळाची.

लग्न मुंबईत, १७९६ च्या शार हारहमीममध्ये, मेंदीसकट झाले. आपले लग्न इस्राएलच्या रब्बींनी बिनशर्त मानावे यासाठी आजीच्या पिढीला १९६४ पर्यंत झगडावे लागले होते. ती नुसती हसत होती.

खरा पेच बाळाच्या वेळी पडला. दुबईत जन्मल्याने तिथले नागरिकत्व मिळत नाही. आई इस्राएली, वडील भारतीय, आणि भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंद करायची, बाळाकडे दुसरा पासपोर्ट नाही असे लिहून द्यायचे. दोघे अकरा महिने भांडले. शेवटी अर्ज भारताचा भरला.

त्या संध्याकाळी राहिलेला मलिदा केला. पोहे बर दुबईतल्या दुकानातले, नारळ शेजारच्या मल्याळी बाईंनी खवून दिला.