मोजणी: जमिनीची व जिवांची

अकोटच्या कास्तकारास आपल्या शेताचा सर्व्हे नंबर तोंडपाठ असतो. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें; १८६१ पासून तेथें मुंबईच्या पद्धतीनें मोजणी सुरू झाली. हेतु साऱ्याचा, तरी शेतास हद्द मिळाली. तान्ह्या मुलांच्या मरणाची मोजणी मात्र इतक्या कसोशीनें कोणी केली नव्हती. पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ती केली. प्रत्येक जन्ममृत्यु नोंदला, कारणें शोधलीं, गांवच्याच बायांस शुश्रूषा शिकविली. ३९ गांवांतील नवजातांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. अकोटच्या उत्तरेसच मेळघाट आहे. ज्या बालकाची नोंदच नाहीं, त्यास वांचवावें कोणीं? धुऱ्यावरचा दगड जपणाऱ्यांनीं ही नोंदहि जपावी.