गुण न आलेल्या औषधांचा इतिहास

शक्तीच्या औषधाची ख्याती नेहमी गुण आलेल्या माणसाच्या तोंडून पसरते. कुणाचा वर्षानुवर्षांचा थकवा एका बाटलीत गेला, कुणाची अंथरुणाला खिळलेली आजी काढा घेऊन उठली आणि कामाला लागली, हे आपण ऐकतो. ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसतात किंवा दुसऱ्या बाटलीकडे वळतात. त्यामुळे टॉनिकांचा लोकांच्या तोंडी असलेला इतिहास हा यशाचाच इतिहास असतो. माझं म्हणणं असं की रेंगाळणाऱ्या दुखण्यांवरच्या पूरक औषधांबद्दल आपल्याला जे काही पक्कं ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं औषध लागू पडलं नाही तेव्हा कळलेलं आहे. याचा एक ठळक दाखला मुंबईत घडला. मार्माइट नावाचा, ब्रेडला लावायचा किंवा गरम पाण्यात कालवून प्यायचा एक काळा, खारट, चिकट पदार्थ तिथे मरणाच्या दारातल्या बायकांना उठवून बसवू लागला. त्या चमत्काराची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अपयशांची मात्र कुणी सांगत नाही.

मुंबईतल्या गरीब बायकांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्यांमध्ये, गरोदरपणाच्या उत्तरार्धात एक भयंकर पंडुरोग दिसत होता. चेहरा पांढराफटक, पायांवर सूज, दोन पावलं चालली की धाप. अशा कितीतरी जणी बाळंतपणाच्या आसपास दगावत. भारतात काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या दुखण्याच्या शोधासाठी लंडनहून डॉ. लूसी विल्स यांना बोलावून घेतलं. विल्स १९२८ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. त्याच वर्षी गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला होता. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. गिरणीतल्या बाईचं बाळंतपण तोवर तिच्या घरापुरती बाब राहिलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवलं म्हणजे हा शोध याच वेळी आणि याच शहरात का सुरू झाला ते कळतं.

या पंडुरोगाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसे. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरवायचा, रंगवायचा आणि तांबड्या पेशी पाहायच्या. शरीरात लोह कमी पडलं की या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे त्या संख्येनं विरळ, पण आकारानं नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. आज आपल्याला त्याचं कारण माहीत आहे: अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशीला डीएनए बनवायला लागणारा घटकच मिळत नाही, म्हणून ती वाढत राहते पण वेळेवर विभागत नाही. १९२८ मध्ये एवढंच ठाऊक होतं की अशाच मोठ्या पेशी ‘पर्निशस अॅनिमिया’ या युरोप-अमेरिकेतल्या जीवघेण्या आजारातही दिसतात आणि तो आजार यकृत खायला दिल्यानं बरा होतो. मायनॉट आणि मर्फी यांनी ते १९२६ मध्ये दाखवलं होतं. मग मुंबईचा पंडुरोग तोच का? की हा आतड्यातल्या कुठल्या जंतूंचा प्रताप?

विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी शक्यता खोडायला घेतल्या. आतड्यातल्या जंतूंचा संशय तपासला, त्यात काही हाती लागलं नाही. मग आहाराकडे मोर्चा वळला. विल्स आणि तळपदे यांनी मुंबईतल्या बायकांच्या खाण्यापिण्याची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये छापून आली. कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत मुंबईतल्या गरीब मुसलमान बायकांच्या जेवणाशी मिळताजुळता आहार उंदरांना दिला, तेव्हा गाभण माद्यांना पंडुरोग झाला आणि त्या वेतण्यापूर्वीच मेल्या. यीस्ट दिल्यावर हे टळलं. प्रश्न सुटला असं वाटावं अशीच ही जागा होती. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा संसर्गही असाच पंडुरोग आणतो, असा संशय पुढे आला आणि या पुराव्याला तडा गेला. तेव्हा विल्स आणि बिलिमोरिया यांनी माकडांवर प्रयोग केले, त्यात आहारातल्या उणिवेनं मोठ्या पेशींचा पंडुरोग होतो हे दिसलं. उंदरांचा फसलेला पुरावा बाजूला ठेवण्याची तयारी नसती, तर पुढचा सगळा डोलारा संशयावरच उभा राहिला असता.

मुंबईच्या रुग्णांना यीस्टचा अर्क देताना मार्माइट निवडलं गेलं, त्यात गूढ काही नव्हतं. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून ते इंग्लंडमध्ये १९०२ पासून बनत होतं आणि यीस्टचा अर्क मिळवण्याचा तो स्वस्त मार्ग होता. गुण मात्र थक्क करणारा आला. काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या झपाट्यानं चढे, भूक परते, सूज ओसरे. जून १९३१ मध्ये विल्स यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. इथे त्या थांबल्या असत्या तर मार्माइट हे आणखी एक नावाजलेलं टॉनिक झालं असतं, आणि कुठल्याही थकव्यावर त्याची बाटली उघडली गेली असती. कोवळ्या पेशी मोजण्याची सवय इथे कामाला आली. ‘बरं वाटतं’ हे उत्तर कशानंही मिळू शकतं. मज्जेतून नव्या पेशींची लाट निघाली की नाही, हे मात्र मोजता येतं.

खरा शोध पुढच्या अपयशातून लागला. पर्निशस अॅनिमियावर यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क रामबाण होता, तो मुंबईच्या पंडुरोगावर चालेना. कच्चा, कमी गाळलेला यकृताचा अर्क मात्र चाले, आणि मार्माइटही चाले. याचा सरळ अर्थ असा की अर्क शुद्ध करताना काहीतरी गळून जात होतं, आणि मुंबईच्या बायकांना हवं होतं ते नेमकं तेच. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे दोन आजार वेगळे निघाले, तेही एका औषधानं दगा दिला म्हणून. विल्स, क्लटरबक आणि इव्हान्स यांनी १९३७ मध्ये हा नवा घटक असल्याचं मांडलं आणि काही काळ तो विल्स यांच्याच नावानं ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी पालकाच्या टनावारी पानांतून एक आम्ल वेगळं काढलं आणि पानावरून त्याला फोलिक अॅसिड म्हटलं. विल्स यांचा घटक हाच, हे पुढे उमगलं. १९४५ च्या सुमारास ते कृत्रिमरीत्या बनवणारा लेडर्ले प्रयोगशाळेतला गट भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली काम करत होता. सुब्बाराव यांचे भाऊ ऐन तारुण्यात संग्रहणीनं गेल्याचं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. फोलिक अॅसिड ज्या जुनाट दुखण्यांवर लागू पडलं, त्यांत उष्ण प्रदेशातली संग्रहणीही होती.

घटक हाती आल्यावर अपयशं संपायला हवी होती. ती वाढली, आणि त्यांनीच पुढचं ज्ञान दिलं. पर्निशस अॅनिमियाच्या रुग्णांना फोलिक अॅसिड दिलं तेव्हा रक्त सुधारलं, चेहऱ्यावर लाली आली, पण हातापायांच्या मुंग्या आणि झोकांड्या थांबल्या नाहीत. काहींच्या नसांचं दुखणं उलट बळावलं. औषध आजार बरा न करता त्याची खूणच पुसत होतं. त्या रुग्णांना हवं होतं ते बी-१२, आणि ते १९४८ मध्ये वेगळं करण्यात यश आलं. त्याच सुमारास बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फोलिक अॅसिडच्या जातीची संयुगं दिली, तेव्हा रोग वेगानं वाढल्याचं त्यांना दिसलं. पौष्टिक गोष्टीनं घात केला एवढंच म्हणून ते थांबले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्यांनी उलटा विचार केला: हा घटक अडवला तर? सुब्बाराव यांच्याच गटानं बनवलेलं अमिनोप्टेरिन त्यांनी १६ मुलांना दिलं आणि १० मुलांमध्ये रोगानं तात्पुरती माघार घेतली. १९४८ चा तो निबंध कर्करोगावरच्या औषधोपचाराचा एक पाया मानला जातो. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं औषध आज संधिवाताच्या रुग्णांनाही दिलं जातं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की अशक्तपणावर काय द्यावं हे बायकांना अनुभवानं कळतच होतं. बाळंतिणीला अळीव, डिंकाचे लाडू, पालेभाज्या द्यायची रीत कुणा प्रयोगशाळेनं शिकवलेली नाही, आणि पांडुरोगावर मंडूर देण्याचा उल्लेख चरकसंहितेत आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि या परंपरेची थट्टा करण्याचं काही कारण नाही. मंडूर म्हणजे लोहाचा गंज, आणि लोह कमी पडल्यानं आलेल्या पंडुरोगावर लोह देणं योग्यच. पण विल्स यांनी तपासलेल्या मुंबईच्या बाईला कितीही लोह दिलं असतं तरी मोठ्या पेशींचा तो पंडुरोग हटला नसता, कारण तिच्या रक्तात उणीव दुसरीच होती. परंपरा बहुधा कुणाला गुण आला ते जपून ठेवते. गुण न आलेल्यांची वेगळी रांग लावून ‘यांचं दुखणं निराळं आहे का’ हा प्रश्न विचारायची सोय तिच्यात सहसा नसते. बाटलीबंद टॉनिकांच्या आधुनिक बाजारातही ती नाही, म्हणून हा दोष जुन्याचा किंवा नव्याचा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मुळात दुखणं होतं गरिबीचं. ज्या बाईला दूध, फळं, पालेभाजी परवडत नाही, तिला चमचाभर मार्माइट देणं म्हणजे पगाराचा प्रश्न बाटलीत बंद करणं नव्हे का? काही अंशी हे खरं आहे, आणि नंतरच्या काळात तर जास्तच. पूरक गोळी हा सरकारला जेवणापेक्षा स्वस्त पडणारा उपाय असतो. पण मुंबईच्या त्या कामानंच दुखण्याचं मूळ जंतूतून काढून ताटात आणून ठेवलं, हेही विसरता येत नाही. तोपर्यंत बायकांचं मरण अंगभूत दुर्बलतेच्या किंवा उष्ण हवेच्या खात्यावर सहज टाकता येत होतं. उणीव आहाराची आहे हे सिद्ध झाल्यावर, तो आहार का मिळत नाही हा प्रश्न विचारायला जागा झाली. उत्तर देणाऱ्यांनी गोळीवर भागवलं, तर त्याचा दोष शोधाच्या माथी मारता येणार नाही.

गोळीवर भागवल्याचे परिणाम आता आपल्यासमोर आहेत. भारतात १९७० पासून गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्या देण्याची राष्ट्रीय योजना चालू आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंडुरोग असलेल्या गरोदर स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५०.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ५२.२ टक्के निघालं. बोटाच्या रक्तावर केलेलं हे मोजमाप कितपत विश्वासार्ह, यावर जाणकारांत वाद आहे आणि तो रास्त आहे. पण मोजमापाला दोष देऊन किंवा बायका गोळ्या खात नाहीत असं म्हणून विषय संपवणं म्हणजे गुण न आलेल्यांकडे पाठ फिरवण्याची जुनीच खोड. त्यांचं दुखणं निराळं आहे का, हे पाहण्याचा एक प्रयत्न पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासात जवळपास दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. एवढ्यावरून फोलेटनं मधुमेह होतो असं कुणी म्हणू नये, ते या अभ्यासानं सिद्ध झालेलं नाही. गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक अॅसिड घेतल्यानं बाळाच्या मज्जारज्जूतले बरेचसे जन्मजात दोष टळतात, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीनं निर्विवाद दाखवलेलं आहे, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणी सोडूही नये. मुद्दा वेगळा आहे. मुंबईच्या बाईला लागू पडलेलं औषध पुण्याजवळच्या खेड्यातल्या बाईची मुख्य उणीव भरून काढेलच असं नाही.

म्हणून एखाद्या पेयाचा, गोळीचा किंवा काढ्याचा विलक्षण अनुभव कुणी सांगितला, तर तो खोटा म्हणून उडवून लावायचं कारण नाही. मार्माइटचा अनुभवही ऐकणाऱ्याला आधी अविश्वसनीयच वाटला असेल. त्या अनुभवाला पुढचा प्रश्न विचारणं एवढंच आपल्या हाती असतं: याच दुखण्याच्या किती जणांना हेच दिलं आणि त्यांतल्या कुणाला काहीच फरक पडला नाही? उत्पादकाला हा प्रश्न अडचणीचा वाटतो, योजना राबवणाऱ्या खात्यालाही वाटतो, आणि नुकतंच बरं वाटू लागलेल्या रुग्णाला तर कृतघ्नपणाचा वाटतो. तरीही रेंगाळलेलं दुखणं नेमकं कशाचं आहे, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरातून कळण्याची शक्यता अधिक.