बॅ. जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा : मुंबई महापालिकेतील सेवाकार्य

मुंबई महापालिकेच्या इतिहासात ज्या कॅथलिक नगरसेवकांची नावे आदराने घेतली जातात, त्यांत बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांचे स्थान अग्रभागी आहे. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी म्हणून महाराष्ट्राला त्यांचा परिचय आहे. मात्र टिळकांच्या सहवासाच्या तेजात त्यांच्या नागरी सेवेकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. वास्तविक त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत दीर्घ अध्याय महापालिकेचाच होता. १९०१ साली त्यांनी पालिकेत प्रवेश केला आणि पुढील सतरा वर्षे ते तेथे कार्यरत राहिले. १९२५-२६ साली त्यांनी पालिकेचे अध्यक्षपदही भूषविले.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावमधील माथारपाखाडी या गावठाणात झाला. त्यांचे घराणे मूळचे भाईंदरजवळील उत्तन या किनाऱ्यावरील गावचे. त्यामुळे उत्तर कोकणच्या ख्रिस्ती समाजाशी त्यांचे नाते जन्माचेच होते. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि त्यानंतर केंब्रिज येथे त्यांनी अध्ययन केले. केंब्रिजमध्ये राज्यशास्त्राची पदवी संपादन करून व बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले. विलायतेत असताना आयर्लंडच्या स्वशासनाच्या चळवळीचा त्यांच्या मनावर खोल संस्कार झाला. त्याचे फळ पुढे हिंदुस्थानला मिळाले.

त्यांचा समाज त्या काळी कोणत्या मनःस्थितीत होता, हे जाणून घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल उमगणार नाही. मुंबई, साष्टी व वसई येथील मूळ कॅथलिक रहिवाशांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांत आपल्या मुलांना स्थान मिळावे, ही त्यामागील भावना होती. राजनिष्ठेशी ज्या समाजाचा चरितार्थ जोडलेला होता, त्यातून पुढे आलेला एक बॅरिस्टर राजद्रोहाचा आरोप असलेल्या टिळकांच्या बाजूने उभा राहतो, ही गोष्ट सामान्य नव्हती. १९०८ च्या अभियोगात टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. त्यांना कायद्याचे साहाय्य करणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. त्या समयी ते पालिकेचे सभासद होते, हे लक्षात घेतले पाहिजे. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. हे कामगार ज्या शहरात राहत होते, त्याच शहराच्या पालिकेत बॅप्टिस्टा बसत होते.

त्या काळची पालिका आजच्यासारखी नव्हती. १८८८ च्या कायद्यानुसार तिचे ७२ सभासद असत. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३६, करदात्या नागरिकांनी प्रभागांतून निवडलेले असत. उरलेल्यांत १६ जण जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडलेले, तितकेच सरकारने नेमलेले आणि थोडे विद्यापीठ व व्यापारी मंडळाचे प्रतिनिधी असत. प्रत्यक्ष कारभार सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती असे. नगरसेवकाच्या हाती खरे शस्त्र एकच होते, ते म्हणजे अंदाजपत्रक. पैसा कोठे खर्च व्हावा, हे ठरविण्याचा आणि आयुक्ताला सभागृहात जाब विचारण्याचा अधिकार पालिकेचा होता. सर फिरोजशहा मेहता यांनी हा अधिकार इतक्या प्रभावीपणे वापरला, की १९०७ साली त्यांना पालिकेबाहेर ठेवण्यासाठी काही युरोपीय मंडळींनी एक गट उभा केला. बॅप्टिस्टांच्या सतरा वर्षांतील पुष्कळ काळ याच मेहतायुगात गेला. राजकारणात मेहता मवाळ आणि बॅप्टिस्टा टिळकपक्षीय. परंतु नगरपालिका म्हणजे स्वराज्याची पहिली शाळा, हे दोन्ही पक्षांना मान्य होते.

त्या सभागृहापुढे कोणते प्रश्न असत? १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे अनेक वर्षे ती पुनःपुन्हा डोके वर काढीत राहिली. दाट वस्त्या, कोंदट चाळी, अपुरे मलनिःसारण यांवर उपाय म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, पण घरे पाडली गेल्यावर गरिबाने जावे कोठे, हा प्रश्न शिल्लकच राहिला. माझगावात तर बंदर, गोद्या आणि रेल्वे यांच्या विस्ताराने जुनी वस्ती मागे रेटली जात होती. तेथील ग्लोरिया चर्चची जुनी वास्तूही रेल्वेच्या कामासाठी गेली आणि १९१३ साली भायखळा येथे नवे चर्च उभे राहिले. आज वसई-विरार परिसरातील गावकऱ्यांना विकासाच्या नावाने जे अनुभव येत आहेत, त्यांची चाहूल माझगावला शंभर वर्षांपूर्वीच लागली होती.

१९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टा झाले आणि न. चिं. केळकर चिटणीस. १९१७ साली लीगचे म्हणणे मांडण्यासाठी ते इंग्लंडला गेले. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची सुप्रसिद्ध घोषणा मूळची त्यांचीच, असे अनेक लेखक सांगतात. ते श्रेय बाजूला ठेवले तरी त्यांच्या थोरवीत काही उणे होत नाही. टिळकांच्या अनुयायांतर्फे निघणाऱ्या पत्राचे संपादकत्व स्वीकारावे, अशी विनंती त्यांनी पाँडिचेरीस अरविंद घोष यांना केली होती. ५ जानेवारी १९२० च्या पत्रात अरविंदांनी ती नम्रपणे नाकारली.

कामगारांचे कार्य हा त्यांच्या जीवनाचा तिसरा धागा होय. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. बॅप्टिस्टा तिच्या संस्थापकांपैकी होते. दुसऱ्या वर्षी झरिया येथील अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मालक आणि मजूर हे श्रम विकत घेणारे व विकणारे नसून एकाच कार्याचे भागीदार आहेत, असा विचार त्यांनी मांडला. पोप तेरावे लिओ यांचे कामगारविषयक विश्वपत्र १८९१ साली प्रसिद्ध झाले होते. त्या विश्वपत्राशी परिचित असलेल्या वाचकाला या विचारातील साम्य सहज दिसेल. १९२४ साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेतही ते उपस्थित होते.

दरम्यान पालिकेचे स्वरूप पालटले होते. १९२२ च्या सुधारणेने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यालाही मताधिकार मिळाला. घरमालकांच्या सभागृहात भाडेकरूचा आवाज पोहोचला. अशा पालिकेचे अध्यक्षपद १९२४-२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्याकडे होते आणि त्यांच्यानंतर ते बॅप्टिस्टांकडे आले. त्यांचा उल्लेख सर्वत्र ‘महापौर’ असा केला जातो. काटेकोरपणे पाहता ‘महापौर’ ही उपाधी १९३१ साली सुरू झाली. त्यापूर्वी या पदाला ‘अध्यक्ष’ असेच म्हणत. पद मात्र तेच, शहराच्या प्रथम नागरिकाचे. कामगारांच्या सभा गाजविणारा माथारपाखाडीचा हा पुत्र त्या आसनावर बसला, तेव्हा लोकांनी त्यांना दिलेले ‘काका’ हे नाव आधीच रूढ झालेले होते. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सारेच त्यांना त्या नावाने संबोधीत.

१८ सप्टेंबर १९३० रोजी काकांचे निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील पालिकेच्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. उद्यानाच्या पोटात शहराचा जलाशय आहे आणि वरून गोदीतील जहाजे व मुंबईचे बंदर दृष्टीस पडते. डॉकयार्ड रोड स्थानकावरून तेथे पायी जाता येते.