फिलिपिनो खलाशी कसा घडला, आणि बोट कुणाच्या हातात राहिली

पोस्ट थोडी मोठी आहे. ज्यांच्या घरातला मुलगा बोटीवर आहे किंवा यंदा बारावीनंतर मर्चंट नेव्हीचा विचार चाललाय, त्यांनी तरी पूर्ण वाचावी.

बोटीवरून सुट्टीवर आलेल्या कुणालाही विचारा, सोबत कोण असतं? उत्तरात 'फिलिपिनो' आला नाही असं क्वचितच होईल. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2021 साली जो हिशोब मांडला, त्यात जगभरातले खलाशी आणि अधिकारी मिळून 18 लाख 90 हजारांच्या आसपास होते. पुरवठ्यात पहिला नंबर फिलिपिन्सचा. मग रशिया, इंडोनेशिया, चीन, आणि पाचवे आपण.

हे काही त्यांच्या रक्तात आहे म्हणून झालं नाही. स्पॅनिश काळात मनिला ते मेक्सिको अशी गलबतं चालायची, 1565 ते 1815, म्हणजे अडीचशे वर्षं. त्यावर राबणारे बरेचसे फिलिपिनोच. तो व्यापार बंद पडला आणि पाच वर्षांनी, 1820 मध्ये, मनिलात नौकानयन शाळा निघाली. राजवटी बदलल्या, नावं बदलली, पण तीच शाळा 1963 मध्ये फिलिपाइन मर्चंट मरीन अकॅडमी झाली. इलोइलोसारख्या बेटावरच्या शहरातही 1948 पासून खासगी सागरी शिक्षण सुरू झालं होतं.

खरी उडी मात्र 1970 नंतरची. युरोपातल्या मालकांनी जहाजं पनामा, लायबेरियाच्या झेंड्याखाली नेली आणि स्वस्त माणसं शोधायला लागले. फिलिपिन्समध्ये मार्शल लॉ होता, तेलाचे भाव भडकलेले, बेकारी मोठी. आणि अमेरिकन राजवटीमुळे पोरांना इंग्रजी येत होतं. मार्कोस सरकारने 1974 च्या कामगार कायद्यात नॅशनल सीमेन बोर्ड काढलं आणि माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. पुढे 1982 मध्ये हुकूम निघाला की खलाशाने मूळ पगाराचे किमान 80 टक्के देशात पाठवलेच पाहिजेत. आज त्यांच्याकडून वर्षाला 6 अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम घरी येते. सरकार त्यांना 'देशाचे हिरो' म्हणतं. हिरो म्हणायला पैसे लागत नाहीत, हे आपण आपल्याकडेही बघतोच.

आता सर्टिफिकेटकडे येऊ. 1978 मध्ये एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कुठल्या हुद्द्याला काय शिक्षण, किती दिवस समुद्रावर, कुठल्या परीक्षा, हे सगळं त्यात आलं. त्याच्या आधी ज्याचा त्याचा कारभार. करारामुळे मनिलाचं सर्टिफिकेट लंडन-हॅम्बुर्गमध्ये चालायला लागलं आणि फिलिपिन्समध्ये सागरी कॉलेजांचं पीक आलं. पीक म्हटल्यावर तणही आलंच. कुठे शिकवायला माणूस नाही, कुठे यंत्रं नाहीत.

2010 मध्ये या कराराची मोठी दुरुस्ती झाली, ती नेमकी मनिलातच. तिला 'मनिला दुरुस्ती' म्हणतात. परिषद संपली तो दिवस, 25 जून, जगभर खलाशी दिन म्हणून पाळला जातो. आणि त्याच काळात युरोपचे तपासनीस त्याच देशात त्रुटी काढत होते! 2006 पासून ते वारंवार आले. कॉलेजांवर देखरेख नीट नाही, परीक्षा घेण्याची पद्धत नीट नाही, प्रशिक्षणाची साधनं अपुरी, असे शेरे. त्यात भर म्हणजे शिक्षण एका खात्याकडे, परवाना दुसऱ्याकडे, सर्टिफिकेट तिसऱ्याकडे. 2014 च्या कायद्याने हे सगळं मरिना या एका संस्थेच्या छत्राखाली आणलं. तरीही 2022 पर्यंत पाळी अशी आली की युरोपच्या झेंड्याखालच्या जहाजांवर काम करणाऱ्या सुमारे 50 हजार फिलिपिनो अधिकाऱ्यांच्या सर्टिफिकेटची मान्यता जाते की काय. राष्ट्राध्यक्षांना जातीने लक्ष घालावं लागलं. 31 मार्च 2023 ला युरोपियन कमिशनने मान्यता चालू ठेवली, तेव्हा मनिलाने श्वास सोडला.

पण मला यात खटकतं ते वेगळंच. वर्गातलं शिक्षण संपलं तरी पोरगा अधिकारी होत नाही. त्यांच्याकडे तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष जहाजावर, तेव्हा पदवी. ते चौथं वर्ष कॉलेजच्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. दरवर्षी जितकी पोरं वर्गातून बाहेर पडतात तितक्या जागा बोटींवर नसतात. अनेकांचं शिक्षण तिथेच अडकतं.

मनिलात कलाव अव्हेन्यू म्हणून रस्ता आहे, लुनेता बागेला लागून. तिथे फूटपाथवर एजन्सीचे लोक टेबलं टाकून, पाट्या लावून बसतात आणि हातात फाईल घेतलेले खलाशी फिरत असतात. भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. मग काय होतं? पोरगा एजन्सीत 'युटिलिटी' म्हणून राबतो. चहा-कॉफी, झाडलोट, कागद पोचवणं, साहेबाच्या घरची कामंसुद्धा. महिनोन्‌महिने, पगाराशिवाय किंवा किरकोळ भत्त्यावर. आशा एकच, कधीतरी बोट मिळेल. पैसे घेतले नाहीत, घाम घेतला. तो कुठल्या पावतीवर येत नाही आणि युरोपच्या तपासणीतही तो मुख्य मुद्दा नव्हता.

उलट उदाहरणही आहे. 1998 मध्ये खलाशांच्या युनियननेच बाताआनमध्ये मारिवेलेसला अकॅडमी उभी केली, जहाज कंपन्यांना बरोबर घेऊन. प्रवेश घेतानाच मागे कंपनी उभी, त्यामुळे पुढे बोटीसाठी दारोदार फिरणं नाही. म्हणजे करता येतं. पण मग मोजकीच पोरं घ्यावी लागतात, आणि फीवर चालणाऱ्या कॉलेजला ते परवडत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये तिथे खलाशांच्या हक्कांचा कायदा झाला. फेब्रुवारीत सही होणार होती, ती लांबली. नुकसानभरपाईचा खटला खलाशाने जिंकला तरी रक्कम हातात येण्याआधी बॉण्ड भरायचा, या कलमावर वाद पेटला.

आपल्या कोकणातल्या घरांसाठी एवढंच. आपल्याकडेही डेक कॅडेटला परीक्षेआधी समुद्रावरचा काळ भरावाच लागतो. ॲडमिशनसाठी जमीन काढायच्या आधी इन्स्टिट्यूटला तीन गोष्टी विचारा आणि लेखी घ्या: मागच्या बॅचच्या किती पोरांना बोट मिळाली, कुठल्या कंपनीची, आणि किती महिन्यांनी. भरती एजंट असेल तर त्याचा आरपीएसएल परवाना डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर स्वतः तपासा. नोकरी लावण्याचे पैसे मागितले तर तिथूनच उठा.