शिअरलिंग जॅकेट आणि खान्देशची थंडी

डिसेंबर उजाडला की जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर स्वेटर, मफलर, कानटोप्या यांचे ढीग लागतात. गेल्या काही वर्षांत या ढिगांशेजारी एक नवे वस्त्र लटकू लागले आहे. बाहेरून मऊ चामड्याचे, आतून पांढऱ्या लोकरीचे आणि रुंद कॉलरचे हे जाड जाकीट ‘शिअरलिंग’ या नावाने विकले जाते. त्याची किंमत शे-दोनशेच्या स्वेटरपासून फार दूर आहे आणि ते विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही.

शिअरलिंग म्हणजे मेंढीचे लोकरीसह कमावलेले कातडे. लोकर उपटून काढून वेगळी विणलेली नसते. ती मूळ कातडीला तशीच चिकटलेली असते आणि एकसारख्या उंचीवर कातरून घेतलेली असते. म्हणजेच चामडे आणि अस्तर असे दोन थर येथे नाहीत. एकच कातडे दोन्ही कामे करते: बाहेरची बाजू वारा अडवते आणि आतली लोकर हवा धरून ठेवते. उबेचे सारे रहस्य या अडकलेल्या हवेत आहे. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही.

या जाकिटाचा इतिहास पाहिला की त्याचे प्रयोजन कळते. १९३०च्या दशकात लेस्ली आयर्विन यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांसाठी मेंढीच्या कातड्याचे जाकीट तयार केले. अमेरिकी हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात याच जातीचे ‘बी-३’ जाकीट वापरले. विमानाच्या त्या काळच्या कक्षात उष्णतेची सोय नसे आणि उंचावरील तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाई. तासन्‌तास एकाच जागी बसून राहणाऱ्या माणसाला गोठण्यापासून वाचवणे, हे त्याचे काम होते. चालणाऱ्या, ओझे उचलणाऱ्या माणसासाठी ते बनलेच नव्हते.

आता खान्देशच्या थंडीकडे वळावे. ही थंडी थट्टेची नाही. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे ते अडीचशे मीटर उंचीवर तापीच्या खोऱ्यात वसलेली, उत्तरेला सातपुडा. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली, की रात्री जमिनीतील उष्णता भराभर निघून जाते आणि उत्तरेकडचे वारे आले की पारा दहा अंशांखाली उतरतो. काही वर्षी तो पाच-सहा अंशांपर्यंतही घसरलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकास हे आकडे सांगावे लागत नाहीत. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ मंदावते, घड उशिरा निसवतात आणि शेतकरी रात्री बागेला पाणी देतो, बांधावर धूर करतो.

पण याच थंडीचा दुसरा स्वभाव असा, की ती दिवसा फारशी टिकत नाही. सकाळी नऊ-दहा वाजता ऊन चढले की दुपारचा पारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर जातो. म्हणजे सकाळी सातला अंगावर चढवलेले जाड जाकीट अकराला हातात घेऊन फिरावे लागते. दोन-तीन किलोंचे हे ओझे कार्यालयात, एस.टी.त वा बाजारात सांभाळणे किती गैरसोयीचे, याचा विचार दुकानातील आरशापुढे होत नाही.

एका बाबतीत मात्र शिअरलिंगची बाजू घेतली पाहिजे, ती म्हणजे पहाटेची दुचाकी. तापमान आठ अंश असताना ताशी पन्नास किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर अंगाला जाणवणारा गारवा सुमारे तीन अंशांच्या हवेसारखा असतो. दूधवाले, भाजीवाले, औद्योगिक वसाहतीत पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार, रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे शेतावर जाणारे शेतकरी हे सारे या वाऱ्यात असतात. दुचाकीवर माणूस वैमानिकासारखाच स्थिर बसलेला असतो, आणि तेथे वारा अडवणारे चामडे खरोखर कामाचे ठरते. अडचण इतकीच, की ज्यांना ते खरेच हवे, त्यांच्या आवाक्यात त्याची किंमत नसते.

हिशेब साधा आहे. अस्सल जाकीट चाळीस हजार रुपयांना घेतले आणि खान्देशात वर्षातून चाळीस सकाळी वापरले, तर दहा वर्षांत चारशे वापर होतात. प्रत्येक वापर शंभर रुपयांना पडतो. याउलट जाड लोकरी स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे पातळ विंडचीटर मिळून तीन हजारांत बसत असेल आणि पाच वर्षे टिकले, तर एक वापर पंधरा रुपयांचा. दिल्ली, चंदीगड वा कॅनडातील टोरोंटो येथे राहणाऱ्या मुलासाठी हेच गणित बदलते. तेथे वर्षाला एकशेवीस दिवस ते अंगावर राहिले, तर वापराचा खर्च तेहेतीस रुपयांवर येतो.

बाजारातील बहुतेक स्वस्त ‘शिअरलिंग’ मात्र मुळात शिअरलिंग नसतेच. ते पॉलिएस्टरचे लव असलेले कापड असते. त्याला ‘शेर्पा’ म्हणण्याची पद्धत आहे. दीड-तीन हजारांत मिळणारे हे जाकीट वाईट नसते, फक्त त्याला त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने घ्यावे. पारख करायची तर आतली लोकर दोन बोटांनी फाकवून मुळाशी पाहावे. अस्सल मालात केस कातडीतून उगवलेले दिसतात. नकली मालात विणीचे वा जाळीचे कापड दिसते. विक्रेता राजी असेल तर चार केस जाळून पाहता येतात. लोकर जळक्या केसांसारखा वास देते आणि विझते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. अस्सल मेंढीचे कातडे हे वध झालेल्या प्राण्याचेच असते, हेही ध्यानात ठेवावे. खान्देशातील अनेक जैन व माळकरी घरांत एवढ्यावरच निर्णय होईल, आणि तो योग्यच आहे.

विकत घेतल्यानंतरचा प्रश्न जतनाचा. हे जाकीट घरी धुता येत नाही. चामड्याची माहिती असलेल्या धुलाईवाल्याकडेच द्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या खोलीतील लोखंडी कपाटात चामड्यातील तेल सुकते आणि ते कडक होते. पुढे पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते, आणि लोकरीला कसर लागण्याची भीती वेगळीच. त्यासाठी सुती आवरण, रुंद खांद्याचा हँगर, घरातील सर्वांत गार खोली आणि पावसाळ्यात अधूनमधून सावलीत वारा देणे, एवढे करावे लागते. प्लास्टिकच्या पिशवीत ते कधीच ठेवू नये.

या जागेवर खान्देशाकडे पूर्वीपासून एक उत्तर आहे. साक्री भागातील ठेलारी मेंढपाळ आपल्या कळपांमागे हिंडताना घोंगडी पांघरतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. जाकिटाच्या मऊ अस्तराला ती चालणार नाही, पण चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेली घोंगडी वारा आणि हलका पाऊस दोन्ही अडवते, आणि दुपारी काढून खांद्यावर टाकता येते. शहरी माणूस ती अंगावर घेऊन कार्यालयात जाणार नाही, हे खरे. पण पहाटे गच्चीवर किंवा शेकोटीपाशी बसायचे असेल, तर चाळीस हजार रुपये खर्च करण्याचे कारण उरत नाही. उत्तरेकडे वा परदेशी बदली झालेल्यांनी जाकीट तेथे पोहोचल्यावर, तेथील थंडी एक आठवडा अंगावर घेऊनच निवडावे.